चित्रात नसलेल्या गोष्टींचा हिशेब

‘डिझाइनप्रमाणे दिसत नाही.’ रिलीजच्या आठवड्यात उघडलेल्या तिकिटांमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. खाली दोन स्क्रीनशॉट, एक लाल बाण आणि ‘इथे सोळा हवे होते, चोवीस आहेत’ अशी नोंद. डेव्हलपरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘हे डिझाइनमध्ये नव्हतंच.’ गंमत अशी, की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

डिझायनरच्या फ्रेममधल्या यादीत पाच नावं असतात, पाचही एका ओळीत मावणारी. सगळ्यांचे फोटो आहेत, सगळे हसतायत, नेटवर्क ठणठणीत आहे. प्रत्यक्ष ॲपमध्ये यादी रिकामी तरी असते किंवा चार हजार नावांची. फोटो नसतो. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून दोन ओळी खातात. सर्व्हर सहा सेकंद गप्प बसतो, तेवढ्यात माणूस कंटाळून तेच बटण पुन्हा दाबतो. या प्रत्येक वेळी पडद्यावर काहीतरी दिसतंच, म्हणजे ते काय दिसावं हे कोणीतरी ठरवलेलं असतंच. बहुधा ते कोड लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं, संध्याकाळी उशिरा, एकट्याने. स्प्रिंट उद्या संपणार असतो आणि डिझायनर तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली असते.

या दोघांनी एकत्र काम कसं करावं यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ लिहून झालं, साधनं विकून झाली, पद्धती आल्या आणि गेल्या. त्या सगळ्यांकडे पाहताना मी एकच कसोटी लावतो. या उपायाने चित्र इकडून तिकडे जास्त नीट पोचलं, की चित्रात नसलेले प्रश्न आधी विचारले गेले? पहिल्या जातीचे उपाय ढीगभर निघाले. दुसऱ्या जातीचे मोजकेच आहेत, आणि खरा फरक त्यांनीच पडला.

सुरुवातीला ही फाळणी इतकी रुंद नव्हती. 1984 साली बाजारात आलेल्या मॅकिन्टॉशची आयकॉन काढणारी सुझन केअर हिला त्या टीममध्ये आणलं अँडी हर्ट्झफेल्ड या प्रोग्रामरने. दोघांची शाळेपासूनची ओळख. त्याने तिला सांगितलं, आलेखाच्या कागदाची वही आण आणि 32 गुणिले 32 चौकोनांत चित्रं काढ. मग त्याने तिच्यासाठी एक आयकॉन एडिटर लिहिला, म्हणजे कागदावरचा चौकोन भरण्याऐवजी ती थेट मशीनवरचा ठिपका काळा-पांढरा करू शकेल आणि तिथल्या तिथे खऱ्या आकारात बघू शकेल. प्रोग्रामरने डिझायनरकडून फाइल मागितली नाही, तिला पडदाच देऊन टाकला. पुढच्या चाळीस वर्षांत निघालेल्या कित्येक महागड्या साधनांमागची कल्पना एवढीच आहे.

वेबच्या पहिल्या दशकात मात्र काम उलट्या दिशेने गेलं. पानांचं रूप सांगणाऱ्या सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर 1996 मध्ये आली, पण वेबसाइट ‘डिझाइन’ व्हायची ती फोटोशॉपमध्ये. ठरावीक रुंदीचं चित्र, ते मंजूर करणारा क्लायंट, आणि मग त्या चित्राचे तुकडे करून एचटीएमएलमध्ये बसवणारा कोणीतरी. ही कापाकापी हाच एक धंदा झाला आणि त्यातला मोठा हिस्सा भारतात आला. पीएसडी पाठवा, एचटीएमएल घ्या, अशा दुकानांवर एका पिढीतली कित्येक मुलं कोड शिकली. तिथे प्रश्न विचारणं हा विलंब समजला जाई. चित्र म्हणजेच करार.

या कराराला पहिला सुरुंग जॉन ऑलसॉपने एप्रिल 2000 मध्ये लावला. ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकातल्या लेखात त्याने सांगितलं, की वेबचं पान छापील पानासारखं ताब्यात ठेवण्याचा हट्टच चुकीचा आहे, या माध्यमाचा लवचिकपणा हा त्याचा गुण आहे. वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा ठरावीक रुंदीची चित्रं काढायला घेतली. मग 2007 मध्ये आयफोन आला. मे 2010 मध्ये त्याच ठिकाणी ईथन मार्कॉटने ‘रिस्पॉन्सिव्ह’ वेब डिझाइनचा लेख लिहिला: प्रमाणात ताणली जाणारी चौकट, तिच्याबरोबर आकसणाऱ्या प्रतिमा, आणि पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे नियम. आता ‘नेमक्या कुठल्या रुंदीचं चित्र काढू?’ या प्रश्नाला उत्तरच उरलं नाही. डिझायनरला चित्राऐवजी नियम सांगावा लागणार होता, आणि नियम सांगायचा तर तो अमलात आणणाऱ्याशी बोलावं लागणार होतं. सहकार्याचा उपदेश करणाऱ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या तांत्रिक बदलाने जास्त काम केलं, असं मला वाटतं.

इकडे प्रोग्रामरांच्या बाजूला वेगळंच वारं होतं. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डच्या बर्फाळ डोंगरात 17 जण जमले आणि अजाइल जाहीरनामा लिहून उठले. त्यासोबतच्या 12 तत्त्वांत व्यवसायाची माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं, असं आहे. डिझायनरचा उल्लेख नाही. चांगल्या ‘डिझाइन’कडे लक्ष द्या असं एक तत्त्व आहे खरं, पण ते कोडच्या रचनेबद्दल. पुढे जगभर स्प्रिंट, स्टँडअप आणि तिकिटं पसरली तेव्हा डिझायनरने या घड्याळात कुठे बसायचं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

वर्षभरातच या दोन बाजूंची जाहीर गाठ पडली. एकीकडे ॲलन कूपर: व्हिज्युअल बेसिकच्या मागचा माणूस, प्रोग्रामिंगमधून डिझाइनकडे वळलेला. दुसरीकडे केंट बेक, एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगचा प्रवर्तक आणि जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. 2002 च्या सुरुवातीला दोघांची एकत्र मुलाखत झाली. कूपरचं म्हणणं, वापरणाऱ्या माणसाचं वागणं नीट समजून घेऊन आराखडा झाल्याशिवाय कोडला हात लावू नये. बेकचं म्हणणं, आधी आराखडा मग बांधकाम अशी वेगळी पायरी आली की एकाने संपवून दुसऱ्याकडे सोपवायची तीच जुनी साखळी परत आली. आज ती चर्चा वाचताना दोघांनीही समोरच्याचं दुखणं अचूक ओळखलेलं दिसतं. ज्यावर इतका वाद झाला ती वेळापत्रकाची बाब मात्र मला दुय्यम वाटते. आराखडा आधी झाला की नंतर, याने फारसं बिघडत नाही. तो होताना खोलीत कोण नव्हतं, याने बिघडतं.

मध्यममार्ग टोरांटोच्या एलियस कंपनीतून आला. लिन मिलर आणि डेझिरे साय यांनी तिथली पद्धत लिहून ठेवली. साय यांचा 2007 चा लेख अजूनही वाचण्यासारखा आहे. डिझाइनचा रूळ आणि कोडचा रूळ समांतर: डेव्हलपर या चक्रात जे बांधतायत ते डिझायनरांनी मागच्या चक्रात आखलेलं, आणि मागच्या चक्रात बांधून झालेलं आता वापरणाऱ्यांपुढे तपासायचं. दोन्ही रुळांमध्ये सतत ये-जा हवी, ही त्यातली अट. कंपन्यांनी यातलं ‘डिझाइन एक स्प्रिंट पुढे’ एवढंच उचललं आणि ये-जा वगळली. परिणाम म्हणजे दोन आठवड्यांच्या मापाची जुनीच साखळी. डिझायनर पुढच्या स्प्रिंटमध्ये इतकी गुंतलेली, की चालू स्प्रिंटमधला प्रश्न तिला व्यत्यय वाटतो.

डिझायनरला कोड यावा का, हा वाद कॉन्फरन्सांमध्ये वर्षानुवर्षं गाजला. त्यात फार थांबण्यासारखं नाही. सीएसएस कसं वाहतं हे समजणारी डिझायनर चांगले प्रश्न विचारते आणि रंगसंगती-मांडणीची नजर असलेला डेव्हलपर चांगली उत्तरं देतो, हे उघड आहे. दोन्ही कामं एकाच पगारात करून घेण्यासाठी हा वाद वापरला गेला, हेही तितकंच उघड आहे.

साधनांची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण तिथे पैसा दिसतो. 2010 मध्ये स्केच आलं, फक्त मॅकवर चालणारं. विंडोजवर काम करणाऱ्या डेव्हलपरला फाइल उघडताच येईना, म्हणून ती फाइल ब्राउझरमध्ये मापांसकट दाखवणारं झेप्लिन निघालं. इनव्हिजनवर पडदे एकमेकांना जोडून क्लायंटला दाखवले जायचे. डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी 2012 मध्ये काढलेल्या फिग्माने 2016 पासून या मधल्या दुकानांची गरजच संपवत आणली. सगळं ब्राउझरमध्ये, फाइलऐवजी लिंक, दोघांचे कर्सर एकाच कॅनव्हासवर. ‘फायनल’, ‘फायनल-दोन’, ‘आता खरंच फायनल’ अशा नावांच्या फाइलींचा काळ गेला. ॲडोबीने सप्टेंबर 2022 मध्ये फिग्मासाठी 20 अब्ज डॉलर देऊ केले. युरोपियन युनियन आणि ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकांनी हरकती घेतल्यावर डिसेंबर 2023 मध्ये तो सौदा मोडला. इनव्हिजनने 2024 अखेर आपली सेवा बंद केली.

फिग्मातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र कर्सर नाही. 2019 च्या शेवटी त्यात ऑटो लेआउट आलं. मजकूर वाढला की बटण रुंदावतं, ओळ वाढली की खालचं खाली सरकतं. म्हणजे चित्र काढण्याच्या साधनात कोडच्या मालाचा स्वभाव उतरला. ते वापरणारी डिझायनर ‘नाव लांब असलं तर?’ हा प्रश्न स्वतःलाच विचारू लागते, कारण साधन तो विचारायला लावतं. 2023 मध्ये डेव्हलपरांसाठी वेगळा डेव्ह मोड आला. तो उपयुक्त आहे, पण पुन्हा पहिल्या जातीचा: चित्र नीट पोचवणारा. अंतर सोळा की चोवीस हे आता कोणालाच विचारावं लागत नाही. तिकिटं तरी येतातच, कारण भांडण सोळा-चोवीसचं कधीच नव्हतं.

भांडण कशाचं असतं हे जवळून पाहायचं तर मराठी पडद्यांकडे बघावं. बहुतेक ॲपची चित्रं इंग्रजी मजकुरावर तयार होतात आणि मराठी शेवटी ‘टाकलं’ जातं. डिझायनरने इंग्रजी शीर्षकातली कॅपिटल अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलेलं असतं. तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे सुटे मणी होतात. सोळाच्या अक्षराला वीसची ओळ इंग्रजीत छान बसते. तिथे ‘कर्मचाऱ्यांची’ हा साधा शब्द घाला. वर रफार, अनुस्वार आणि वेलांटी, मधे ऱ्याची चंद्रकोर. वरच्या ओळीत एखादा ‘मूळ’ किंवा ‘पूर्तता’ आला की उकार आणि मात्रा एकमेकांना भिडतात. चौकटीबाहेरचं झाकायची सूचना कोडमध्ये असेल तर मात्रा सरळ कापली जाते. भरीला डिझायनरने निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसतेच. मग अँड्रॉइडवर नोटो येतो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला, आणि तिघांची उंची वेगळी.

त्याहून बोलका नमुना म्हणजे नावाच्या आद्याक्षराचं वर्तुळ. फोटो नसेल तर गोलात पहिलं अक्षर दाखवायचं, असं चित्र असतं. त्यात इंग्रजी ‘ए’ काढलेला. डेव्हलपर नावातला पहिला कोडपॉइंट उचलतो. प्रिया असेल तर गोलात ‘प’, क्षितिजा असेल तर ‘क’, ज्ञानेश्वर असेल तर ‘ज’. अक्षरगट ओळखणारी तयार सुविधा वापरली तरी जुन्या नियमांनुसार ती ‘ज्’ असा पाय मोडून द्यायची. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, 2023 मध्ये आला. यात दोष कोणाचा? डिझायनरला ‘पहिलं अक्षर’ ही गोष्ट कठीण असू शकते याची कल्पना नव्हती. डेव्हलपरला उत्तर चुकतंय हे दिसलंच नाही, कारण चाचणीचा डेटा इंग्रजीत होता. पहिल्याच दिवशी दोघांनी चार खरी मराठी नावं त्या गोलात घालून पाहिली असती तर हे पाच मिनिटांत समोर आलं असतं.

काही गोष्टी तर दोघांपैकी एकाला जमणाऱ्याच नाहीत. मराठी वळणाचे ल आणि श चांगल्या फाँटमध्ये असतात; पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलेलं असेल तरच ते उमटतात, एरवी हिंदी वळण येतं. कोडमधल्या एका छोट्या नोंदीचा प्रश्न, पण ती नोंद हवी हे डेव्हलपरला सांगणार कोण? या विषयात आपल्याकडे एक जुना धडा आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवल्यानंतर मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत प्रोग्रामरांसोबत भारतीय लिप्यांच्या फाँटवर काम करत होते. विंडोज 2000 सोबत आलेला मंगल हा फाँट त्यांचा. ओपनटाइप फाँटमध्ये अक्षराचं वळण आणि ‘कुठल्या अक्षरापुढे कुठलं आलं की काय रूप घ्यायचं’ याचं कोष्टक एकाच फाइलीत राहतं. तिथे हँडऑफला, म्हणजे एकाने संपवून दुसऱ्याकडे सोपवण्याला, जागाच नाही. वळणाचा निर्णय आणि नियमाचा निर्णय शेजारी बसूनच घ्यावा लागतो.

डिझाइन सिस्टिमची लाट या विचाराच्या सगळ्यात जवळ आली. ट्विटरमध्ये मार्क ऑटो हा डिझायनर आणि जेकब थॉर्नटन हा डेव्हलपर यांनी अंतर्गत साधनांमधली विसंगती संपवायला एक संच बनवला आणि ऑगस्ट 2011 मध्ये तो बूटस्ट्रॅप नावाने खुला केला. पुढची काही वर्षं निम्मं इंटरनेट त्याच्यासारखं दिसू लागलं, ही त्याची किंमत. 2013 मध्ये ब्रॅड फ्रॉस्टने अणू-रेणूंच्या भाषेत घटकांची उतरंड मांडली, 2014 मध्ये गूगलचं मटेरियल आलं. सेल्सफोर्समध्ये जीना ॲन आणि सहकाऱ्यांनी टोकनची कल्पना रुजवली: रंग, अंतर, अक्षराचा आकार या निर्णयांना नाव द्यायचं आणि तेच नाव चित्रातही वापरायचं, कोडमध्येही. माप बदललं तर एकाच जागी बदलतं. सोळा-चोवीसचं तिकीट खऱ्या अर्थाने याने मेलं.

चांगल्या सिस्टिममधलं बटण म्हणजे नुसतं बटण नसतं. त्याची बंद अवस्था, थांबलेली अवस्था, चुकलेली अवस्था, कीबोर्डने पोचल्यावर दिसणारी कडा, हे सगळं एकदाच दोघांनी मिळून ठरवलेलं असतं. रिकामी यादी हाही एक घटक असतो. पण अनेक कंपन्यांत सिस्टिम हीच तिसरी खोली होते. तिची वेगळी टीम, वेगळं बॅकलॉग, आणि ‘हे सिस्टिममध्ये बसत नाही’ असं सांगणारा नवा पहारेकरी.

याचं कारण साधनांत नसून कंपनीच्या नकाशात असतं. मेल्विन कॉनवेने एप्रिल 1968 च्या ‘डेटामेशन’मध्ये लिहिलं, की संस्था जी रचना बनवते ती तिच्या आतल्या संवादाच्या रचनेचीच नक्कल असते. डिझाइन एका मजल्यावर आणि इंजिनिअरिंग दुसऱ्या, दोघांचे साहेब वेगळे, दोघांचं मूल्यमापन वेगळं, तर शिवण पडद्यावर दिसणारच. ब्रिटन सरकारने 2011 मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस उभी केली, तिने हा नकाशाच बदलला. एका सेवेची एक टीम, तिच्यात संशोधक, डिझायनर, मजकूर लिहिणारे, डेव्हलपर सगळे. त्यांच्या प्रोटोटाइप किटमध्ये डिझायनर चित्र न काढता एचटीएमएलची पानंच जोडतात. ती फोनवर, कीबोर्डने, स्क्रीन रीडरने चालवून बघता येतात. पडदे दिसायला रुक्ष, पण न विचारलेला प्रश्न तिथे फार काळ लपत नाही.

पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत हे जसंच्या तसं उचलता येत नाही. डिझाइन बऱ्याचदा क्लायंटच्या देशातल्या एजन्सीकडून येतं आणि करारात ते ‘इनपुट’ म्हणून नोंदलेलं असतं. कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा ते साडेतेरा तास मागे. सकाळी अकराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लवकरात लवकर रात्री, आणि खुलाशांच्या एक्सेलमध्ये तीस प्रश्न झाले की क्लायंटचा मॅनेजर नाराज. अशा जागी ‘संवाद वाढवा’ हा सल्ला निरर्थक आहे. उपयोगी पडतं ते अधिकाराचं लेखी वाटप: रिकामी अवस्था, लोडिंग, लांब मजकूर इथे पुण्याच्या टीमने ठरवायचं आणि फक्त कळवायचं, पैसे, संमती आणि डिलीट यांत मात्र विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरं म्हणजे एस्टिमेटच्या बैठकीला डिझायनर हजर हवी. ‘या ॲनिमेशनला चार दिवस’ हे तिने कानांनी ऐकलं की निम्म्या वेळा ती स्वतःच म्हणते, मग नको.

तिसरा उपाय मला सगळ्यात कमी वाखाणलेला वाटतो. प्रत्येक छोट्या बदलाची, मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधीच, एक तात्पुरती चालती लिंक आपोआप तयार करता येते. ती डिझायनरने स्वतःच्या फोनवर उघडायची, खरा डेटा, खरं नेटवर्क. तिकीट उघडायची गरज नाही, तिथेच बोलून बदल होतो. रिलीजच्या आठवड्यात दोन स्क्रीनशॉट शेजारी लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तरी अनेक ठिकाणी डिझायनरला त्या लिंकचा ॲक्सेसच नसतो. तो इंजिनिअरिंगचा भाग समजला जातो.

आता एआयने पत्ते पुन्हा पिसले आहेत. वर्णन लिहिलं की चालता पडदा मिळतो, फ्रेम दिली की कोड मिळतो; डिझायनर छोटे बदल स्वतः कोडमध्ये पाठवतायत आणि डेव्हलपर डिझायनरशिवाय पडदे उभे करतायत. कोणी कोणाच्या खोलीत जायचं हा जुना वाद त्यामुळे बराच थंडावला, हे चांगलंच आहे. पण हे साधन रिकाम्या यादीसाठीही न विचारता काहीतरी बनवून देतं. नीटनेटकं, एका गोड वाक्यासकट, आणि आद्याक्षराच्या गोलात बिनदिक्कत ‘ज’ घालून. पूर्वी निदान रात्री थांबलेल्या डेव्हलपरला विचारता यायचं, हे असं का केलंस. आता डिझायनरला वाटतं ते डेव्हलपरने ठरवलं, डेव्हलपरला वाटतं ते फ्रेममध्येच होतं, आणि रिव्ह्यूमध्ये दोघंही त्यावरून पुढे सरकतात.